वेडिंग प्रेझेंटचे १९९२ चे बारा सिंगल्स: घ्यावेत का, आणि घेतले तर कसे ऐकावेत

लीड्सच्या द वेडिंग प्रेझेंट या बँडने १९९२ मध्ये दर महिन्याला एक असे बारा सात इंची सिंगल्स (एका बाजूला एकच गाणं मावणाऱ्या छोट्या व्हायनल रेकॉर्ड्स) काढले, जानेवारी ते डिसेंबर, एकही महिना न चुकवता. हा रिव्ह्यू त्या बारा ओरिजिनल रेकॉर्ड्सचा आहे, नंतर निघालेल्या अल्बम्सचा नाही. हे आधीच सांगतोय कारण "हीच गाणी अल्बमवर आहेत की, मग एवढा खटाटोप कशाला" असं कोणीतरी विचारणारच, आणि माझं म्हणणं असं की गाणी तीच असली तरी ऐकणं तेच राहत नाही. का ते खाली सविस्तर लिहिलंय. घाईत असाल तर एवढंच वाचा: बारापैकी आठ-नऊ डोळे झाकून घ्या, उरलेले सेट पूर्ण करायला घ्या, आणि सगळे एकदम घ्यायची घाई करू नका.

बँड माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश गिटार बँड्सची गोष्ट निघाली की लोक ब्लर, ओएसिस, पल्प, स्वेड एवढी नावं घेतात आणि थांबतात, आणि वेडिंग प्रेझेंट त्या यादीतून कायम सुटतो, कारण पल्प सोडला तर तो या सगळ्यांच्या आधी सुरू झाला आणि कुठल्याच लाटेत नीट बसला नाही. १९८५ मध्ये पहिला सिंगल स्वतःच्याच रिसेप्शन या लेबलवर (म्हणजे रेकॉर्ड कंपनीतर्फे) काढला, १९८६ मध्ये एनएमई या संगीत साप्ताहिकाच्या सी८६ या नव्या बँड्सच्या कॅसेटवर त्यांचं गाणं आलं, १९८७ मध्ये पहिला अल्बम, ज्याच्या कव्हरवर फुटबॉलपटू जॉर्ज बेस्टचा फोटो आणि नावही तेच. मग आरसीए या मोठ्या कंपनीकडे गेले, आणि १९९१ चा सीमॉन्स्टर्स हा अल्बम अमेरिकेत मिनेसोटाला जाऊन साउंड इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीकडून रेकॉर्ड करून आणला, जो इतका कडक आणि जड आवाजाचा आहे की आधीच्या पळत्या, झणझणत्या गिटारवर प्रेम करणारे बरेच जण दचकले. बीबीसी रेडिओवर जॉन पील हा निवेदक या बँडची गाणी नेहमी लावायचा, पण पील ऐकणारे सोडून बाकीच्यांपर्यंत ते फारसे पोचलेच नाहीत. गाणी लिहिणारा आणि गाणारा डेव्हिड गेज, आणि त्याचा विषय कायम एकच, प्रेम आणि त्याचा झालेला विचका. पण तो ते असं लिहितो की आपल्याला वाटतं बाजूच्या टेबलावर दोघांचं भांडण चाललंय आणि आपल्याला फक्त एकाचीच बाजू ऐकू येतेय. मला अजूनही या माणसाइतकं साध्या बोलण्यातून गाणं करणारा दुसरा कोणी सापडलेला नाही.

आता १९९२. कल्पना होती बेसिस्ट कीथ ग्रेगरीची. तो सिअ‍ॅटलच्या सब पॉप लेबलच्या सिंगल्स क्लबचा मेंबर होता, म्हणजे वर्गणी भरली की ठरावीक दिवसांनी एक सिंगल पोस्टाने घरी, १९८८ मध्ये त्या क्लबचा पहिला सिंगल निर्वाणा या बँडचा होता तोच हा क्लब. यांनी त्यात बदल एवढाच केला की क्लब वगैरे न काढता सिंगल सरळ दुकानात ठेवला, प्रती मोजक्याच, संपल्या की संपल्या, पुढच्या महिन्यात पुढचा. सीडीचा जमाना आलेला असताना एका मोठ्या कंपनीने सात इंची व्हायनलवर वर्षभर असं काही करायला हो म्हटलं याचं मला आजही कौतुक वाटतं.

आणि याचा चार्टवर परिणाम काय झाला तेही बघण्यासारखं आहे. ब्रिटनचा सिंगल्स चार्ट तेव्हा आठवड्याच्या विक्रीवर ठरायचा. प्रती मोजक्या आहेत म्हटल्यावर चाहते पहिल्याच आठवड्यात दुकानात धावायचे, त्यामुळे महिनाभरात जी विक्री झाली असती ती सगळी एकाच आठवड्यात व्हायची, गाणं थेट वरच्या नंबरवर यायचं आणि पुढच्या आठवड्यात गडप, कारण विकायला रेकॉर्डच शिल्लक नसायची. त्यात त्या काळात सिंगल्सचा खप एकूणच घसरलेला होता, त्याचाही फायदा झाला असणार. बाराच्या बारा सिंगल्स टॉप ३० मध्ये गेले, जानेवारीचा २६ व्या नंबरवर, मेचा थेट १० व्या, डिसेंबरचा २५ व्या. एका वर्षात बारा हिट्सचा हा विक्रम १९५७ मध्ये एल्विस प्रेस्लीने केला होता, त्याची यांनी बरोबरी केली. ज्या बँडचं नाव निम्म्या रॉक ऐकणाऱ्यांना माहीत नाही त्याचं नाव एल्विसच्या शेजारी, ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगत असतो. काही लोक म्हणतात की ही चार्टची पळवाट होती. मला नाही पटत. रेकॉर्ड खरी, पैसे देऊन नेणारी माणसं खरी, आणि दर महिन्याला एक नवीन गाणं आणि एक कव्हर (दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने वाजवलेलं) तयार ठेवायचं म्हणजे वर्षभर मान वर करायला वेळ नाही.

आता मूळ मुद्दा. प्रत्येक सिंगलच्या ए-साइडला, म्हणजे पुढच्या बाजूला, बँडचं स्वतःचं नवीन गाणं आहे आणि बी-साइडला, म्हणजे मागच्या बाजूला, दुसऱ्या कोणाच्या तरी गाण्याचं कव्हर. आणि या जोड्या सहज म्हणून लावलेल्या नाहीत. जुलैचा सिंगल बघा, ए-साइडला 'फ्लाइंग सॉसर', उलटवलं की मड या सत्तरच्या दशकातल्या ग्लॅम बँडचं 'रॉकेट'. नोव्हेंबरला 'द क्वीन ऑफ आउटर स्पेस' आणि मागे 'यूएफओ', म्हणजे १९७० च्या टीव्ही मालिकेचं बॅरी ग्रे याने केलेलं टायटल म्युझिक. डिसेंबरला समोर 'नो ख्रिसमस' आणि मागे एल्टन जॉनचं 'स्टेप इन्टू ख्रिसमस', समोर दार बंद आणि मागे सताड उघडं. रेकॉर्ड हातात घेऊन उलटवल्यावर हे आपोआप कळतं, कोणी समजावून सांगायला लागत नाही.

आणि नेमकं हेच अल्बमवर हरवतं. पहिल्या सहा महिन्यांचे सिंगल्स हिट परेड १ या अल्बममध्ये आणि पुढच्या सहाचे हिट परेड २ मध्ये एकत्र केलेत, पण दोन्हीकडे आधी सहा ए-साइड्स ओळीने आणि मग सहा बी-साइड्स ओळीने. म्हणजे जोड्या फोडल्या. 'फ्लाइंग सॉसर' आणि 'रॉकेट' यांच्यामध्ये आता पाच गाणी येतात आणि दुसरं लागेपर्यंत पहिलं डोक्यातून गेलेलं असतं. शिवाय ओळीने सहा कव्हर्स ऐकताना ते उरलंसुरलं एका कोपऱ्यात लोटल्यासारखं वाटतं, जे अजिबात खरं नाही. अल्बम वाईट नाहीत, प्लेयर नसेल तर तेच घ्या, पण ही गाणी ज्या आकारात विचार करून बनवली तो आकार सात इंचाचाच आहे, एक बाजू, उठा, उलटवा, दुसरी बाजू, संपलं.

एकेकाबद्दल लिहायचं तर सगळ्यांबद्दल सारखं लिहिणार नाही, कारण सगळे सारखे नाहीत. जानेवारीचा 'ब्लू आइज' सुरुवात म्हणून एकदम बरोबर आहे, सुटसुटीत, लगेच ओठांवर बसणारा, आणि मागे ऑस्ट्रेलियाच्या द गो-बिट्वीन्सचं 'कॅटल अँड केन', बालपणाच्या आठवणींचं हळवं गाणं, जे गेजच्या कोरड्या आवाजात वेगळंच होऊन जातं. फेब्रुवारीच्या मागे नील यंगचं गाणं, मार्चच्या मागे अल्टर्ड इमेजेस या बँडचं, दोन्ही चांगले, पण मला पहिल्या तिमाहीत पुन्हा पुन्हा लावावासा वाटतो तो जानेवारीचाच.

एप्रिलपासून मात्र सेट पेटतो. 'सिल्व्हर शॉर्ट्स' हे मला वाटतं गेजच्या सगळ्यात गोड चालींपैकी एक, आणि त्याच्या मागे 'फॉलिंग', जूली क्रूझचं ट्विन पीक्स या टीव्ही मालिकेतलं गाणं, संगीत अँजेलो बादालामेंटी आणि शब्द डेव्हिड लिंच यांचे. मूळ गाणं सिंथेसायझरच्या धुक्यात तरंगत असतं, इथे ते धुकं काढून टाकलंय आणि त्या जागी गिटार आणि एक साधा पुरुषी आवाज. पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, पण मग लक्षात येतं की धुकं काढलं तरी गाणं तेवढंच उदास आहे. जूनच्या मागे क्लोज लॉबस्टर्स या स्कॉटिश बँडचं गाणं आहे, आणि हा बँडही त्याच सी८६ कॅसेटवर होता. म्हणजे आपल्याच बॅचच्या, आपल्याहून कमी नशीबवान बँडचं गाणं यांनी टॉप २० मधल्या रेकॉर्डच्या मागे नेऊन ठेवलं. मला हे फार आवडतं.

मेचा 'कम प्ले विथ मी' वेगळा काढून लिहायला हवा. बँडचा एकमेव टॉप १० सिंगल हाच, आणि आज लीड्समध्ये याच नावाचं एक छोटं लेबलही आहे जे नवीन बँड्सचे सात इंची सिंगल्स काढतं. गाणं हळू सुरू होतं, गेज जवळजवळ बोलतोय असं, आणि मग गिटार चढत जाते, चढत जाते, आणि शेवटाकडे शब्द संपतात आणि नुसता आवाजच उरतो. आता इथे रेकॉर्डचं शास्त्र आडवं येतं. प्लेयर मिनिटाला ४५ च फेरे मारतो, पण कडेजवळचा फेरा मोठा आणि आत मधल्या कागदी लेबलजवळचा लहान, त्यामुळे सुईखालून खाच सरकायचा वेग आत येईपर्यंत साधारण एक तृतीयांशाने कमी होतो, आणि तेवढ्याच वेळाचं संगीत कमी जागेत कोंबावं लागतं. म्हणजे गाण्याचा सगळ्यात मोठा, सगळ्यात गच्च भाग बरोबर तिथे येतो जिथे रेकॉर्डची ताकद सगळ्यात कमी. आधीच्या मालकाने झिजलेली सुई वापरली असेल तर पहिली दोन मिनिटं मस्त वाजतात आणि शेवट फाटतो, गिटारच्या जागी चरचर येते. त्यामुळे या एका सिंगलच्या बाबतीत विकणाऱ्याला सरळ विचारा की ए-साइडचा शेवट वाजवून बघितलाय का. चांगली कॉपी मिळाली तर तो शेवट अल्बमपेक्षा सिंगलवर जास्त अंगावर येतो, हे माझं ठाम मत.

पहिल्या सहामाहीत प्रोड्यूसर ख्रिस नेगल आणि लाइटनिंग सीड्स या बँडचा इयन ब्रौडी होते, दुसऱ्या सहामाहीत जिमी मिलर आणि ब्रायन पॉल्सन. मिलर म्हणजे ज्याने साठचं दशक संपता संपता आणि सत्तरच्या सुरुवातीला रोलिंग स्टोन्सचे सगळ्यात गाजलेले अल्बम केले तो, आणि पॉल्सन म्हणजे ज्याने स्लिंट या बँडचा स्पायडरलँड हा अल्बम रेकॉर्ड केला तो. एवढे वेगवेगळे हात लागूनही बँड प्रत्येक ठिकाणी ओळखू येतो, पण दुसऱ्या सहामाहीत आवाज जड होत जातो हे खरंच, सप्टेंबर-ऑक्टोबरला तर नुसता धडाका आहे. सप्टेंबरच्या मागे डेव्हिड बोवीच्या डायमंड डॉग्ज अल्बमचा तो शेवटचा चक्रावून टाकणारा तुकडा घेतलाय, एवढं धाडस कोण करतं. ऑगस्टच्या मागचं 'थीम फ्रॉम शाफ्ट' मात्र मला पटलं नाही, आयझॅक हेजच्या मूळ गाण्याची सगळी मजा त्याच्या वाद्यमेळात आणि त्या खर्जातल्या आवाजात आहे, ते काढलं की हाताशी फारसं काही राहत नाही. ऑगस्ट आणि ऑक्टोबर हे दोन मी सेट पूर्ण करायला म्हणूनच घेतले असं म्हणेन. नोव्हेंबर मात्र चुकवू नका, 'द क्वीन ऑफ आउटर स्पेस' मोठ्या आवाजात लावायचं गाणं आहे, शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

विकत घेण्याबद्दल. चार्टवर गेलेले सिंगल्स असल्यामुळे ब्रिटनमध्ये हे दुर्मीळ अजिबात नाहीत, बहुतेक सुटे सिंगल्स मोजक्या पौंडांत मिळतात. महाग असतात ते १९८५-८६ चे रिसेप्शन लेबलवरचे, तो वेगळा छंद आहे. खरा खर्च पोस्टेजचा. सात इंची रेकॉर्ड साधारण ४० ग्रॅमची आणि १८ सेंटिमीटरची, त्यामुळे ब्रिटनच्या आत ती रॉयल मेलच्या, म्हणजे तिथल्या पोस्टाच्या, लार्ज लेटर या स्वस्त प्रकारात बसते, बारा इंची अल्बम त्यात मावत नाही त्याचं पार्सलच करावं लागतं. म्हणजे सिंगल्स जमवणाऱ्याला पोस्टाचे नियम मुळातच सोयीचे आहेत. तरी एकेक मागवण्यापेक्षा ज्याच्याकडे चार-पाच आहेत अशा एकाच विक्रेत्याकडून एकत्र पोस्टेजमध्ये मागवा. पूर्ण सेट म्हणून विकणारे बरेचदा उगाच चढा भाव लावतात, सुटे जमवले तर बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

ग्रेडिंगवर, म्हणजे रेकॉर्ड कशा अवस्थेत आहे याची विक्रेता जी श्रेणी लिहितो तिच्यावर, डोळे झाकून विश्वास ठेवू नका. निअर मिंट म्हणजे जवळपास नवीकोरी, व्हीजी प्लस म्हणजे जपून वापरलेली, आणि नुसतं व्हीजी लिहिलं असेल तर खरखर ऐकायची तयारी ठेवा. पण बरेच जण रेकॉर्ड न वाजवता नुसती दिव्याखाली धरून ग्रेड देतात. कव्हरचा फोटो मागवा, वरची आणि खालची शिवण फाटलीये का बघा, पुढच्या बाजूला आतल्या रेकॉर्डचं गोल वळ उठलंय का बघा, लेबलवर पेनाने नाव लिहिलंय का बघा. मला एका विक्रेत्याने निअर मिंट म्हणून जी रेकॉर्ड पाठवली ती नुसत्या पातळ पाकिटात, ना पुठ्ठा ना काही, आणि कव्हरची शिवण वरून अर्धी उसवलेली. कारण साधं आहे, प्रवासात रेकॉर्ड कव्हरच्या आत हलत राहते आणि तिची कड कागद कापत जाते. म्हणून ऑर्डर देतानाच लिहायचं की रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून मागे ठेवा आणि दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावा. चांगले विक्रेते न सांगता करतात, आणि जे करतात त्यांना मी परत परत ऑर्डर देतो. घरी आल्यावर कव्हरला बाहेरून प्लास्टिक घाला आणि उभ्या ठेवा, एकावर एक आडव्या रचू नका, खालच्यांवर वळ उठतात.

आणि ज्यांना जुन्या रेकॉर्ड्सची ही सगळी शोधाशोध नको असेल त्यांच्यासाठी, बँडने बरोबर ३० वर्षांनी, २०२२ मध्ये, हेच परत केलं. २४ साँग्स या नावाने पुन्हा वर्षभर दर महिन्याला एक सात इंची सिंगल. १९९२ च्या लाइनअपमधला तोवर फक्त गेज उरला होता, गिटारवर आणि गाणी लिहायला सोबत स्लीपर या बँडचा जॉन स्टुअर्ट होता. गाणी चांगली आहेत, काही तर फारच चांगली, आणि साठी पार केलेला माणूस त्याच पोटतिडकीने तेच जुने प्रश्न विचारतोय हे ऐकून बरं वाटतं. पण यात बहुतेक दोन्ही बाजूंना स्वतःचीच गाणी आहेत, त्यामुळे १९९२ च्या सेटमधली उलटवायची जी गंमत आहे, आपलं गाणं आणि दुसऱ्याचं गाणं एकमेकांना काहीतरी म्हणतायत ही, ती इथे कमी होते. दोन्हीपैकी एकच घ्यायचं असेल तर १९९२ चाच.

सुरुवात करायची असेल तर माझा क्रम: आधी मे, मग एप्रिल, मग जुलै, मग नोव्हेंबर, आणि हे चार आवडले तर बाकीचे हळूहळू. मी स्वतः आता ज्या त्या महिन्याचा सिंगल त्या त्या महिन्यात लावतो, आणि या सेटसाठी याहून चांगली पद्धत मला सुचलेली नाही, वाट बघण्यात मजा आहे आणि जून आला की 'कॅलिफोर्निया' लावायला निमित्त मिळतं. तुम्हीही तसंच करणार असाल तर डिसेंबरचा सिंगल ऑक्टोबरमध्येच मागवून ठेवा, ख्रिसमसच्या तोंडावर ब्रिटनचं पोस्ट तुंबलेलं असतं आणि 'नो ख्रिसमस' जानेवारीत हातात पडून काही उपयोग नाही.